तिसऱ्या नळीतली गुठळी

जून म्हणजे आमच्या ब्लड बँकेत शिबिरांचा पूर. रोटरी असो की लायन्स, सेवाभावी क्लबांचं वर्ष ३० जूनला संपतं आणि नवा अध्यक्ष १ जुलैपासून खुर्चीवर बसतो. त्यामुळे मावळत्या अध्यक्षांना शेवटच्या महिन्यात अहवालाची पानं भरायची असतात. त्यातच १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन येतो. मग एकाच रविवारी तालुक्यात तीन-तीन मांडव पडतात. एप्रिल-मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, लोक लग्नसराईत असतात, तेव्हा आम्ही एकेका पिशवीसाठी लोकांच्या पाया पडत असतो. त्या दिवसांत ह्याच क्लबांना फोन केला की उत्तर ठरलेलं, "मॅडम, उन्हाचं कोण येणार?"

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी टेक्निशियन आहे. गावाचं आणि क्लबचं नाव सांगत नाही, कारण पुढे येणारी मुलगी ह्याच गावातली आहे.

शिबिर मंगल कार्यालयात होतं. स्टेजवर फ्लेक्स, माईकवर आकडा. "आत्तापर्यंत ६३ रक्तदाते! शंभरी गाठायचीच!" रक्तदात्याला मोबदला द्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून दारात मिळणाऱ्या स्टीलच्या डब्याला 'स्मृतिचिन्ह' म्हणतात. अध्यक्ष स्वतः एका कॉटवर पडून, हातात बॉल धरून फोटो काढून गेले. सुई अर्थातच टोचलेली नव्हती. त्यांनी पासष्टी ओलांडून बराच काळ झालाय, आम्ही घेतलंच नसतं.

बायकांची रांग अशा ठिकाणी उत्साहाने लागते आणि निम्मी परत जाते. टेबलावर मोरचुदाच्या निळ्या पाण्याची नळी असते. द्राक्षबागेत फवारतात तेच मोरचूद, फक्त आमच्याकडे विशिष्ट गुरुत्व १.०५३ मोजून केलेलं. बोटातल्या रक्ताचा थेंब त्यात सोडायचा. थेंब बुडला तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त, तरंगला तर चहा पिऊन घरी जा. त्या दिवशी तरंगणारे थेंब बघून बघून मी वैतागले होते. ह्या मुलीचा थेंब मध्यावर क्षणभर घुटमळला आणि सरळ तळाला गेला. वजन ४८ किलो, म्हणजे ४५ ची अट पार. तिने पर्समधून लॅमिनेट केलेलं कार्ड काढून पुढे ठेवलं. ती शाळेत असताना ह्याच क्लबने दिलेलं. त्यावर रक्तगट ओ पॉझिटिव्ह, आणि तेव्हाच्या अध्यक्षांचा फोटो तिच्या नावापेक्षा मोठा. आम्ही ३५० मिलिची पिशवी भरली, डबा घेऊन ती गेली.

आमचं खरं काम संध्याकाळी सुरू होतं. एकीकडे पिशव्या फिरवून लाल पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करायचे, दुसरीकडे प्रत्येक नमुन्याच्या पाच रोगांच्या तपासण्या आणि रक्तगट. दात्याने सांगितलेला गट आम्ही धरतच नाही, कार्ड दाखवलं तरी. गट दोन्ही बाजूंनी तपासावा लागतो. आधी त्याच्या पेशींवर अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी ह्या द्रावणांचे थेंब टाकून कशाने गुठळी होते ते बघायचं, हे फॉरवर्ड. मग त्याच्या सीरममध्ये, म्हणजे पेशी काढल्यावर उरणाऱ्या रक्ताच्या पाण्यात, आपल्याकडच्या ए, बी आणि ओ पेशी घालायच्या, हे रिव्हर्स. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट लिहायचा. ओ गटाच्या माणसाच्या रिव्हर्समध्ये ए आणि बीच्या नळीत गुठळी होते. तिसऱ्या नळीत, म्हणजे ओ पेशींच्या, काहीही होत नाही. व्हायलाच नको.

हिच्या तिसऱ्या नळीत झाली होती. नळी हलवली तरी तळाचं लाल बटण अखंड उचलून वर आलं. सगळ्यात घट्ट गुठळी, त्याला आम्ही फोर प्लस म्हणतो.

रात्रपाळीचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सेल्स खराब झाले असतील, रेषा मारा." ह्या पिढीचं मला हेच कळत नाही, उत्तर जुळलं नाही की आधी पेशींवर शंका. मी दुसऱ्या ओ पेशी एकत्र करून नवा पूल केला, पेशी तीनदा धुतल्या. पुन्हा तेच. तिच्याच सीरममध्ये तिच्याच पेशी घालून बघितल्या, त्या स्वच्छ सुटल्या. म्हणजे थंडीत चिकटणाऱ्या स्वतःविरुद्धच्या अँटीबॉडीचा प्रकार नव्हता. मग फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातली अँटी-एचची छोटी बाटली काढली, आधी तिची एक्स्पायरी बघितली. हे औषध युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. एच हा लाल पेशींवरचा एक पदार्थ, ओ गटाच्या पेशींवर तो सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे ह्या थेंबाने त्यांची कडकडीत गुठळी व्हायला हवी. शेजारच्या नळीत झाली. हिच्या नळीत पाणी हलावं तशा पेशी हलत राहिल्या.

बॉम्बे ब्लड ग्रुप. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतच पहिल्यांदा दाखवला, म्हणून हे नाव. ए आणि बी ह्या खुंट्या असतील तर एच ही भिंत. हिला भिंतच नाही, त्यामुळे खुंट्या शोधणाऱ्या तपासणीत ही 'काहीच नाही', म्हणजे ओ म्हणून पास होते. आणि तिच्या रक्तात एचविरुद्धची अँटीबॉडी आपोआपच तयार, शरीराच्या तापमानालाही काम करणारी. हिला साधं ओ रक्त चढवलं तर त्या पेशी शिरेतच फुटतील. भारतात दहा हजारांत एक असं सर्रास सांगतात. नोकरीच्या इतक्या वर्षांत माझ्या हातात आलेली ही पहिली. मुंबईला परळला, केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय रुधिर-प्रतिरक्षा संस्थेकडे नमुना पाठवला, त्यांनी शिक्कामोर्तब केलं.

आता त्या कार्डाबद्दल. शाळेत रक्तगट शिबिर कसं होतं ते मी बघितलंय. पांढऱ्या टाईलवर तीन थेंब, काडीने ढवळायचं, पुढचा. एका सकाळी आख्खी शाळा. रिव्हर्स नाही, कारण त्याला सेंट्रिफ्यूज लागतं, ताज्या पेशी लागतात, नीट काढलेलं रक्त लागतं आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. टाईलवरचं उत्तर माहितीपुरतं असतं. लॅमिनेशन केलं की लोकांना ते आधार कार्डासारखं वाटायला लागतं. कुणी म्हणेल, क्रॉसमॅच करताना, म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघताना, कळतंच की! कळतं. पण रात्री दोन वाजता, बाळंतपणात रक्तस्राव थांबत नसताना, नातेवाईक कार्ड दाखवून ओ पॉझिटिव्हच्या चार पिशव्या आणायला पळतात, चारही जुळत नाहीत, आणि तिथून पुढे कुणीतरी 'बॉम्बे असेल का?' असा विचार करायला सुरुवात करतं. जो वेळ जातो तो कुणाचा?

तिला बोलावून घेतलं. आई आणि आजी बरोबर आल्या. माझं सगळं सांगून झाल्यावर आईने एकच विचारलं, "म्हंजे हिच्यात काय कमी हाय का, ताई?"

शास्त्राप्रमाणे उत्तर 'हो' असं आहे. एच कमी आहे. मी म्हटलं, तब्येतीला काही कमी नाही, फक्त रक्त लागलं तर आधी सांगावं लागेल आणि बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करा. आजींनी सुनेकडे बघितलं, "तुझ्या म्हायेरचं असंल." विचारलं तर नवरा-बायको मामे-आते भावंडं, म्हणजे त्याने मामाचीच मुलगी केलेली. माहेर आणि सासर एकाच घरातून निघालेलं. हा दोष नव्हे, पण असला दुर्मीळ गुण दोन्हीकडून यावा लागतो आणि नात्यातल्या लग्नात तो भेटायची शक्यता वाढते, एवढं मी आजींना शक्य तितक्या हळू सांगितलं. त्यांना पटलं असं वाटत नाही. मुलगी मात्र एका वहीत सगळं लिहून घेत होती, स्पेलिंग विचारून. आपल्याकडच्या दहा डॉक्टरांपैकी किती जण पेशंटकडून असं ऐकून घेतील, हा विचार तेव्हाच मनात आला.

चार दिवसांत बातमी क्लबपर्यंत पोहोचली. नाव नव्हतं, पण 'आपल्या शिबिरात बॉम्बे सापडला' एवढं आमच्याकडच्याच कुणीतरी बाहेर सोडलं. ब्लड बँकेत गुपित फक्त एचआयव्हीच्या रिपोर्टचंच पाळायचं असतं असा काही जणांचा समज आहे. मावळते आणि येऊ घातलेले, दोन्ही अध्यक्ष जोडीने आले. पदग्रहणाला क्लबचे डिस्ट्रिक्ट गव्हर्नर येणार होते. शाल, श्रीफळ, स्टेजवर सत्कार, पेपरला बातमी. "मॅडम, हे तर गावाचं भूषण! नाव द्या फक्त." मी नाही म्हटलं. ते आमच्या ब्लड बँकेच्या डॉक्टरांकडे गेले, डॉक्टरही नाही म्हणाले, ही डॉक्टरांची कृपा. त्याच संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला, कुठूनतरी कुणकुण लागली होती. "मॅडम, लग्न जमवायचंय हिचं. रक्ताचं काय हाय असं झालं तर पोरीला कोण विचारील?"

पण सगळ्या क्लबला नावं ठेवणं बरोबर नाही. त्यांचे सेक्रेटरी गावात मेडिकलचं दुकान चालवतात. फोटोत कायम कडेला, अर्धा खांदा कापलेला. मुलीच्या वडिलांची आणि त्यांची जुनी ओळख, वडिलांनी स्वतः त्यांना सांगितलं. मी म्हटलं होतं की सख्ख्या भावंडांत प्रत्येकाला चारात एक शक्यता असते, तपासून घ्या. त्यांनी दुकान बंद ठेवून, स्वतःच्या गाडीत आई-वडील, भाऊ, धाकटी बहीण आणि दोन मामा असं सगळ्यांना आणलं. येताना डबेही घरचे. भाऊ साधा ओ निघाला. मामांपैकी एक ए, एक ओ. धाकटी बहीण बॉम्बे. सोळा वर्षांची.

ह्या कामाचा फोटो नाही आणि क्लबच्या अहवालात ओळ नाही.

राहिली पिशवी. तिच्यावरूनच मला अजून झोपताना आठवतं. लाल पेशी सॅगएम नावाच्या टिकवणाऱ्या द्रावणात ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा तर आम्ही लगेच बाजूला काढला. त्यात अँटी-एच ठासून भरलेलं, रुग्णाला देण्याचा प्रश्नच नव्हता, तपासणीसाठी ठेवला. पेशींची पिशवी वेगळ्या कप्प्यात, लाल पट्टी लावून. दुर्मीळ रक्तगटांच्या मोबाईल ग्रुपांवर निरोप टाकले, मोठ्या शहरांतल्या रक्तपेढ्यांना कळवलं. कुणालाच नको होती. ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांच्या खाली गोठवली तर दहा वर्षं राहते, पण ती सोय आमच्याकडे नाही, जवळपासही नाही.

शेवटच्या आठवड्यात मी डॉक्टरांना विचारलं. हिच्या पेशींवर ए नाही, बी नाही, एच नाही, म्हणजे तत्त्वतः त्या कोणत्याही पॉझिटिव्ह गटाच्या माणसाला चालतील. वॉर्डात ओ पॉझिटिव्ह पेशंट रक्ताची वाट बघत होता. डॉक्टर म्हणाले, पिशवीत उरलेल्या प्लाझ्माचं काय? पेशी धुवून घेता येतील, मी म्हटलं. धुतल्या की २४ तासांत वापरायच्या, ते म्हणाले, आणि त्याच रात्री बॉम्बेसाठी फोन आला तर? शिवाय ओ पॉझिटिव्हच्या पिशव्या जूनच्या पुरामुळे आपल्याकडे पडून आहेत. ह्या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिशवीची मुदत संपली, ती टाकून देण्याआधी वाफेने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये गेली, रजिस्टरला मी सही केली. त्याच आठवड्यात शिबिरातल्या इतर काही पिशव्याही गेल्या. मंगल कार्यालयात माईकवरून मोजलेल्या.

आणि गणपतीच्या आधी कोकणातल्या एका दवाखान्यातून फोन आला. गरोदर बाई, हिमोग्लोबिन सहाच्या आत, गट बॉम्बे. मुलीला देता येत नव्हतं, बाईला दोन रक्तदानांत १२० दिवसांचं अंतर लागतं. धाकटी अठराची नाही. त्या ग्रुपांवरूनच दुसऱ्या जिल्ह्यातला एक रिक्षावाला मिळाला, रात्रभर प्रवास करून गेला. बाई वाचली. सगळं नीट झालं, तरी मला एकच हिशेब जमत नाही. शाळेतल्या त्या शिबिरात तिसरी नळी लावली असती, तर जूनमध्ये आम्ही तिला कॉटवर घेतलंच नसतं. नाव लिहून घेतलं असतं, डबा दिला असता आणि परत पाठवलं असतं. तिच्या अंगातलं रक्त कोणत्याही फ्रिजपेक्षा जास्त टिकणारं होतं.

परवा नवे अध्यक्ष सेक्रेटरींना घेऊन आले. यंदाचा महाप्रकल्प, तालुक्यातल्या सगळ्या शाळांत रक्तगट तपासणी आणि कार्डवाटप. मी तीन गोष्टी मागितल्या. कार्ड द्यायचंच असेल तर त्यावर 'प्राथमिक तपासणी' हे शब्द मोठ्या अक्षरांत आणि ओ निघालेल्या प्रत्येकाचा नमुना रिव्हर्ससाठी आमच्याकडे. जूनऐवजी मे महिन्यात एक शिबिर, ५० पिशव्यांचं, त्यावर एक नको. आणि दात्यांची यादी क्लबने सांभाळायची, फोन नंबर दर वर्षी तपासून. त्यांना मे महिन्यातलं शिबिर पटलं. यादीचं बघू म्हणाले. कार्डाचं डिझाईन आधीच प्रेसला गेलंय, म्हणे, कमिटीपुढे ठेवतो.

ते गाडीकडे गेल्यावर सेक्रेटरी मागे थांबले. "ती धाकटी अठराची कधी होतीय?" मी रजिस्टर बघून तारीख सांगितली. त्यांनी मोबाईलमध्ये टाकली. मी म्हटलं, "काका, शिबिराला बोलवू नका हं तिला. गरज पडली तरच."

"ते कळलं हो मला," म्हणाले, आणि अध्यक्षांनी हॉर्न वाजवला म्हणून निघाले.