बेरजेची नोंद

दुपारपासून तो + डोक्यातून जात नाहीये.

रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत सगळं ऑब्जेक्ट आहे, १ + २ म्हणजेसुद्धा १ वर + नावाची मेथड (त्या ऑब्जेक्टला करता येणारं एक काम) बोलावणं, हे मी आजवर छातीठोकपणे सांगत आले. या भाषेवर जीव जडला तोच यामुळे. आज ट्रेसपॉइंट, म्हणजे कोड चालताना काय घडतं ते टिपणारं रुबीचं साधन, लावून सी_कॉलच्या (सी भाषेत लिहिलेल्या आतल्या मेथड बोलावल्याच्या) नोंदी छापल्या. 'पुट्स १ + २' या उत्तर छापणाऱ्या ओळीसाठी कर्नलचा पुट्स आला, त्याच्या पोटातला आयओचा पुट्स आला, राइट आला. + कुठेच नाही. उत्तर मात्र ३, बरोबर.

एकाला ही यादी पाठवली, तर म्हणाला, "उत्तर आलं ना? मग झालं." झालं कसं?

काम होतं आणि नोंद राहत नाही. मला हे इतकं का लागावं? त्या मीटिंगमुळे असेल. जाऊ दे.

शेवटी त्या ओळीचा बाइटकोड, म्हणजे रुबी आतून चालवतं त्या सूचनांची यादी, उघडला. पुटसेल्फ, मग स्टॅकवर १, मग २, मग ऑप्ट_प्लस, मग पुट्सला कॉल, शेवटी लीव्ह. सगळा उलगडा ऑप्ट_प्लसमध्ये आहे. दोन्ही बाजूंना इंटीजर (पूर्णांक) आहेत का, आणि इंटीजरचा + कुणी बदललेला नाही ना, एवढं ते बघतं आणि तिथल्या तिथे बेरीज करून टाकतं. मेथड बोलावलीच जात नाही, मग नोंद कशाची होणार? कोइची सासादांचं यार्व, म्हणजे हा बाइटकोड चालवणारं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन), २००७ साली रुबी १.९ मध्ये आलं, ते वेगासाठीच.

तरी मन मानेना. वेगळ्या प्रोसेसमध्ये इंटीजरचा + नव्याने लिहिला. जुन्याला आधी दुसरं नाव देऊन ठेवलं, नव्यातून त्यालाच बोलावलं. ट्रेसमध्ये लगेच कॉल उमटला! त्या जवळच्या वाटेवर व्हीएम मग गेलंच नाही, सरळ मेथडकडे वळलं. हे बघून खरंच बरं वाटलं. + मेथडच आहे, आणि ती बदलायचा हक्कही शाबूत आहे. कुणी बदलत नाही तोवर तिला हाक मारायची गरज पडत नाही, इतकंच.

मग + पूर्ववत ठेवून, कंपाइल करताना (कोडचा बाइटकोड बनवताना) स्पेशलाइज्ड_इन्स्ट्रक्शन हा ऑप्ट_प्लससारख्या खास सूचना वापरण्याचा पर्याय बंद केला. आता यादीत पुट्सच्या आधी + आला, हवा तिथेच. ती यादी जपून ठेवली आहे. रोजच्या कोडमध्ये मात्र तो पर्याय चालूच राहील. लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमधल्या प्रत्येक बेरजेला नोंदीपायी अख्खा मेथड कॉल करायला लावणं मलाही पटत नाही.