आमची वाटचाल : कार्डाआधी एसएमपीएस

इंदूरच्या रामबागेत घराच्या पुढच्या खोलीत आम्ही संगणक दुरुस्ती सुरू केली, तेव्हा विंडोज टाकून देणे, रॅम वाढवणे आणि प्रिंटर जोडून देणे एवढ्यावर आमचे भागत असे. सुटे भाग आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलमधून आणायचे आणि संध्याकाळपर्यंत मशीन घरपोच करायचे, हा रोजचा क्रम होता. पुढे जुन्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवण्याची कामे येऊ लागली आणि त्यांपैकी एकाने आमची पद्धतच बदलली.

राजेंद्र नगरातील एक काका लग्नसमारंभांचे व्हिडिओ संपादित करतात. २०११ साली आलेल्या आय-फाइव्ह २४०० प्रोसेसरवर चालणाऱ्या त्यांच्या मशीनमध्ये आम्ही जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड बसवले. आमच्याकडे ते व्यवस्थित चालले. घरी मात्र रेंडर, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचे काम, लावला की काही मिनिटांत मशीन बंद पडे. आम्ही ड्रायव्हर पुन्हा टाकला, विंडोज नव्याने टाकले आणि अखेर कार्डच सदोष आहे असे सांगून ते बदलून दिले. दुसऱ्या कार्डानेही तेच केले. तिसऱ्यांदा सीपीयू घेऊन आलेले काका एवढेच म्हणाले, "भाऊ, लग्नसराई तोंडावर आली आहे, काय ते खरं सांगा."

त्या रात्री आम्ही एसएमपीएसचे, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीचे, लेबल प्रथमच नीट वाचले. वर ठळक अक्षरांत ४५० वॉट लिहिले होते, पण खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या लाइनसमोर १६ अँपिअर, म्हणजे जेमतेम १९२ वॉट होते. आणि प्रोसेसर व कार्ड मुख्यतः याच लाइनवर चालतात. प्रोसेसरचे ९५ आणि कार्डाचे १२५ मिळून २२० वॉट होत होते. मदरबोर्डवरील स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात आणि उरलेली वीज वेगळ्या केबलने द्यावी लागते. त्या एसएमपीएसला आठ पिनांची केबल नव्हती, म्हणून आम्हीच मोलेक्सचा, म्हणजे जुन्या चार पिनांच्या प्लगला जोडायचा, कन्व्हर्टर लावून दिला होता. त्याचा पांढरा प्लग उष्णतेने तपकिरी पडला होता. मशीनवर भार टाकून १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरला मल्टिमीटर लावला, तेव्हा ११.१ व्होल्ट दिसले. हा आकडा ११.४ च्या खाली जाता कामा नये. दर्जेदार एसएमपीएस बसवल्यावर रेंडर रात्रभर अखंड चालला. पहिले कार्ड निर्दोष होते, हे आम्ही काकांना स्पष्ट सांगितले आणि एसएमपीएसचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून मशीन उघडून पाहिल्याशिवाय आम्ही कार्डाची किंमत सांगत नाही. १२ व्होल्टचा आकडा, मदरबोर्डवरील फुगलेले कॅपॅसिटर, हार्डडिस्कच्या कप्प्यापर्यंत उरलेली जागा आणि बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रॅमची) आवृत्ती या गोष्टी आधी कागदावर उतरवतो. एसएमपीएस बदलायचा नसेल, तर जीटीएक्स १०५० टीआयचे वेगळी केबल न लागणारे मॉडेल सुचवतो. ७५ वॉटमध्ये भागणारे हे कार्ड जुन्या मशीनला झेपते. काही स्वस्त नव्या कार्डांना माहितीची ने-आण करणाऱ्या चारच लेन असतात आणि जुन्या पीसीआय एक्स्प्रेस २.० स्लॉटच्या बोर्डावर त्यांचा वेग बराच घटतो, हेही विक्रीपूर्वी सांगतो.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इतक्या जुन्या प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे अशा मशीनसाठी कार्ड मागायला आलेल्या ग्राहकाला तेच पैसे नव्या बोर्ड-प्रोसेसरसाठी राखून ठेवायला आम्ही सुचवतो, मग त्या दिवशी विक्री झाली नाही तरी चालते.