बारा मैलांपलीकडचं टेबल: जहाजावरच्या कॅसिनोचा माझा अनुभव

जहाजावर चढलो त्या दुपारी कॅसिनो बंद होता. दिवे मालवलेले, रुलेटच्या चाकावर झाकण, टेबलांभोवती दोरी. मला ते फार विचित्र वाटलं. त्याआधी मी पाहिलेले कॅसिनो म्हणजे लास वेगासमधले, आणि त्यांच्या दारांना कुलूप तरी असतं का अशी शंका यावी. कामानिमित्त तिथे चार रात्री होते. पहाटे चारलाही टेबलं भरलेली. तिथेच मी ब्लॅकजॅक, म्हणजे २१ गुणांच्या पुढे न जाता त्याच्या जवळ पोचायचा पत्त्यांचा खेळ, शिकले, तेही कॅसिनोच्याच दुकानातून कोणत्या पत्त्यांवर काय करायचं याचा छापील तक्ता विकत घेऊन. तो तक्ता टेबलावर उघडा ठेवून खेळायलाही कोणी हरकत घेतली नाही. कसं खेळावं हे आपल्याला सांगूनही पैसे आपल्याकडेच राहणार, इतकी खात्री असलेला धंदा मी दुसरा पाहिला नाही.

नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "दुपार आहे, संध्याकाळी उघडेल." पण प्रश्न दुपारचा नव्हता. जहाज बंदरात असेपर्यंत त्या देशाचा कायदा लागू असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो कायदा कॅसिनो चालवू देत नाही. १९८२ च्या समुद्री कायद्याच्या करारानुसार देशाची हद्द किनाऱ्यापासून जास्तीत जास्त १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. त्यापलीकडे जहाजावर कायदा चालतो तो त्याच्या झेंड्याच्या देशाचा. आमच्या जहाजाच्या मागच्या बाजूला, नावाखाली, नासाऊ असं लिहिलं होतं. म्हणजे नोंदणी बहामाजची. बहामाज, पनामा, माल्टा, बर्म्युडा इथल्या बंदरांची नावं मोठ्या क्रूझ जहाजांच्या पाठीवर नेहमी दिसतात, जहाज तिकडे कधी फिरकत असो वा नसो.

रात्री जेवण आटोपून आलो तर कॅसिनो झगमगत होता. जेवणघरातून नाट्यगृहाकडे जायची वाट कॅसिनोच्या मधूनच होती, त्यामुळे "जायचं की नाही" हे ठरवायची वेळच आली नाही. (वेगासमध्येही लिफ्टकडे जाताना स्लॉट मशीनच्या रांगांमधूनच जावं लागतं. या बाबतीत जमीन आणि समुद्र एकाच शाळेत शिकलेत.)

पहिली चूक मी पैशांच्या बाबतीत केली. वेगासमध्ये नोटा टेबलावर ठेवायच्या, पत्ते वाटणारा डीलर त्या कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरतो, मोजतो आणि चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, सरकवतो. पाकीट हलकं झालेलं हाताला कळतं. जहाजावर सगळा कारभार केबिनच्या कार्डावर. ज्या कार्डाने खोलीचं दार उघडतं, त्याच कार्डाने चिप्स मिळतात आणि रक्कम खोलीच्या बिलात जाते. मी दोन वेळा दोनदोनशे डॉलर घेतले. तिसऱ्या दिवशी खात्याचा तपशील पाहिला तर प्रत्येक वेळी ५ टक्के सेवाशुल्क लागलेलं. चारशेवर वीस डॉलर. ब्लॅकजॅकमध्ये नियम बरे असतील आणि तक्त्याप्रमाणे खेळलं, तर लावलेल्या रकमेतला कॅसिनोचा सरासरी वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. इथे पत्ता हातात पडायच्या आधीच मी त्याच्या दहापट देऊन बसले होते. सोबत रोख आणली होती, तिच्यावर काहीच शुल्क नव्हतं. ती मात्र केबिनच्या तिजोरीत नीट जपून ठेवलेली!

दुसरी गोष्ट टेबलाच्या कापडावरच छापलेली होती, आणि मी ती बसल्यावर वाचली. ब्लॅकजॅक लागला तर ६ ला ५.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं थांबते, कारण सगळा फरक इथेच आहे. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहा गुणांचं पान आलं की तो ब्लॅकजॅक. जुना नियम असा की त्याला २ ला ३ मिळतात. दहा लावले तर पंधरा. नवा नियम ५ ला ६, म्हणजे दहाला बारा. टेबलावर ही गोष्ट उलट्या क्रमाने लिहितात, "३ ला २" आणि "६ ला ५", आणि नवख्याला ६ ला ५ हे काहीतरी मोठं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक ब्लॅकजॅकमागे तीन डॉलर कमी. असा हात साधारण २१ डावांत एकदा येतो. शंभर डाव दहा-दहाने खेळलात तर हजार डॉलर फिरले, आणि त्यातले तेरा-चौदा डॉलर केवळ या एका ओळीने गेले. अर्ध्या टक्क्याचा वाटा जवळजवळ दोन टक्क्यांवर जातो. चौपट. खेळ तोच, पत्ते तेच, डीलरचं हसूही तेच.

हा नियम समुद्राने शोधलेला नाही. वेगासमध्येही कमी रकमेच्या टेबलांवर तो सर्रास दिसतो. मलाही पहिल्या कॅसिनोत तोच दिसला होता. पण तिथे मी उठले, रस्ता ओलांडला, दोन कॅसिनो सोडून तिसऱ्यात जुन्या नियमाचं टेबल मिळालं. किमान पैज जास्त होती म्हणून कमी वेळ खेळले, पण निवड माझी होती. जहाजावर मी उठले आणि पाहिलं. ब्लॅकजॅकची चार टेबलं, चारही सहा-पाचची. त्यापुढे काच, आणि काचेपलीकडे काळं पाणी.

पत्ते पिसायला यंत्र होतं, सतत चालणारं. वापरलेले पत्ते लगेच आत जातात. त्यामुळे पत्ते मोजणाऱ्यांचा, म्हणजे कोणते पत्ते निघून गेले हे लक्षात ठेवून पैज ठरवणाऱ्यांचा, मार्ग बंद होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्यासारखीला पत्ते मोजता येत नाहीत, पण तोटा मलाही होतो. डीलर पत्ते पिसायला थांबतो तेव्हाची जी दोन मिनिटं विश्रांती मिळते, ती इथे नाही. तासाला डाव वाढतात आणि वाटा प्रत्येक डावावर कापला जातो.

नवरा रुलेटकडे वळला. त्याच्या मते चाकाला मेंदू नसल्यामुळे ते प्रामाणिक असतं. चाकावर ३६ आकडे आणि दोन शून्यं, एकूण ३८ घरं. आकडा लागला तर ३५ पट. कॅसिनोचा वाटा ५.२६ टक्के. एकाच शून्याच्या चाकावर तो २.७० असतो. माँटे कार्लोसारख्या ठिकाणी तर लाल-काळ्यावर लावलं आणि शून्य आलं तर अर्धी रक्कम परत देतात, तिथे तो १.३५ वर येतो. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग जहाज तिकडे वळवायला सांगू का?" उगाच जमिनीची आरती ओवाळण्यातही अर्थ नाही. वेगासच्या मुख्य रस्त्यावर तीन शून्यांची चाकंही आहेत, ७.६९ टक्क्यांची, आणि लोक हौसेने त्यांच्यापुढे उभे असतात.

चौथ्या रात्री त्याचं स्लॉट मशीन अडकलं. बोनसच्या फुकट फेऱ्या चालू असताना पडदा गोठला. मशीनवर पट्टी असते की बिघाड झाल्यास कोणतंही बक्षीस ग्राह्य नाही. ही पट्टी जमिनीवरच्या मशीनवरही असते. पण वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात असं झालं आणि कॅसिनोशी पटलं नाही, तर दाद मागायला सरकारी नियंत्रण मंडळ आहे. वाद ५०० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर कॅसिनोने स्वतःहून मंडळाला कळवायचं असतं. स्लॉट मशीनने दीर्घकाळात किमान ७५ टक्के परत दिलेच पाहिजेत, अशी नियमाची तळरेषाही तिथे आहे, न्यू जर्सीत ती ८३ ची. आणि कोणत्या भागातल्या मशीननी किती ठेवून घेतले, याचे आकडे नेवाडा दर महिन्याला छापतं.

जहाजावर मी पिट बॉसला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याला, विचारलं की तुमच्या निर्णयावर समाधान नसेल तर पुढे कोण? तो माणूस सभ्य होता. म्हणाला, कॅसिनो मॅनेजर. त्यापुढे? कंपनीचं कार्यालय. त्यापुढे? त्याने खांदे उडवले आणि तिकिटामागच्या अटी वाचायला सांगितलं. वाचल्या. कंपनीविरुद्ध दावा करायचा तर अमुक एका शहरातल्या न्यायालयातच करावा लागेल, असं कलम होतं. असं कलम छापणं कंपनीच्या हातात आहे आणि ते पाळावं लागतं, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच एका क्रूझ प्रवाशाच्या खटल्यात दिलेला आहे. तो खटला जुगाराचा नव्हता, जहाजावर झालेल्या दुखापतीचा होता, पण कलम सगळ्यांना सारखंच.

आमचं प्रकरण मात्र सरळ सुटलं. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाने मशीनची नोंद तपासली, राहिलेल्या फेऱ्यांचे अठरा डॉलर निघाले आणि ते दिले. फसवाफसवी मला कुठेही दिसली नाही, हे मुद्दाम लिहिते. लोक जहाजाबद्दल "मधल्या समुद्रात कोण विचारतं" असं बोलतात. विचारणारं कोणी नसलं म्हणजे फसवतातच असं नाही. पण विचारायचं झालंच तर कोणाला, याचं उत्तर तिथल्या कोणाच्याच खिशात नव्हतं.

आता जहाजाच्या बाजूने. वेगासच्या टेबलावर मी कोणाच्या लक्षातही आले नाही. इथे तिसऱ्या रात्रीपासून डीलर नावाने हाक मारायची, चुकीचा पत्ता मागितला तर भुवई उंचावायची. शेजारी तीच चार माणसं. किमान पैजही सुरुवातीला दहाचीच होती. मात्र संपूर्ण दिवस समुद्रात असला की सगळं जहाज तिथेच लोटतं आणि दुपारी तीच पाटी पंधरा होते. धूर मात्र असह्य. आणि वेगासमध्ये खेळताना पेय फुकट मिळायचं, इथे ते बऱ्यापैकी पैसे फिरवणाऱ्यालाच.

पण जहाजाची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ते थांबतं. पाचव्या दिवशी मी हरत होते, आणि हरताना माणूस जसा खेळतो तशीच खेळत होते, पैज दहाची वीस, विसाची तीस. तेवढ्यात डीलरने शेवटचे तीन डाव जाहीर केले. बंदर जवळ आलं होतं. वेगासमध्ये मला असं कोणी उठवलं नसतं. पत्ते गोळा झाले, दिवे मंदावले आणि मी चक्क डेकवर जाऊन उभी राहिले. किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते. त्या रात्री देशाच्या हद्दीने माझे शंभरेक डॉलर तरी वाचवले असतील.

मी वहीत तास लिहून ठेवते, सवयच आहे. वेगासला ९ तास, तोटा ४०. जहाजावर १४ तास, तोटा २६०. यावरून काही सिद्ध होत नाही. चौदा तासांत हजारेक डाव होतात, आणि तेवढ्यात नुसतं नशीबच साडेतीनशे डॉलर इकडचे तिकडे करू शकतं. जाणकार म्हणवणाऱ्यांनी स्वतःच्या दोन सहलींवरून निष्कर्ष काढू नयेत. टेबलावरची ती एक ओळ वाचावी.

शेवटच्या रात्री कॅशियरपुढे रांग होती. कॅसिनो एकला बंद होणार, सकाळी सगळे उतरणार, आणि या चिप्स किनाऱ्यावर कोणी घेणार नव्हतं. वेगासची एक चिप माझ्या पर्समध्ये विसरून राहिली होती, ती महिन्याभराने तिकडे गेलेल्या सहकाऱ्याने त्याच कॅसिनोत वटवून आणली. इथे "पुढच्या वेळी" हा शब्द नव्हता. शिवाय नवऱ्याचे स्लॉटमध्ये उरलेले पैसे कागदी पावतीवर नव्हे, तर कार्डावरच्या खात्यात होते, आणि ते काढायला पहिल्या दिवशी स्वतःच ठेवलेला चार आकडी पिन हवा होता. तो त्याला आठवेना. आमच्या लग्नाचं साल लावून पाहिलं, नाही. त्याच्या पहिल्या गाडीचा नंबर होता. यावर मी काहीच बोलले नाही.

दीड महिन्याने मेल आली. पुढच्या सफरीत दोघांसाठी केबिन मोफत, बंदरशुल्क आणि कर मात्र आमचे. ही मेहेरबानी कशी ठरते हे एव्हाना कळत होतं. सरासरी पैज ढोबळमानाने दहा धरली, तासाला साधारण ७० डाव, १४ तास, दोन टक्के वाटा, म्हणजे १९६ डॉलर. मी प्रत्यक्षात किती हरले याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. मी किती हरायला हवं होतं, यावर माझी किंमत ठरते. जमिनीवरचे कॅसिनोही फुकट खोली याच हिशेबाने देतात.

नवरा जायला तयार होता. मी मेलला उत्तर पाठवलं, एकच प्रश्न विचारला: त्या जहाजावर ब्लॅकजॅकला ३ ला २ देणारं टेबल आहे का, आणि असल्यास किमान पैज किती?

चार दिवसांनी उत्तर आलं. आभार मानले होते, आमच्या स्वागतासाठी ते उत्सुक होते, आणि टेबलांचे नियम जहाज निघाल्यावर टेबलांवरच वाचायला मिळतील असं कळवलं होतं.