दिल्ली ते अल्माटी: नकाशावर एक वीत

सांगलीत विमान तिकिटांचा व्यवसाय करताना "अंतर किती आणि वेळ किती" हा प्रश्न रोजच ऐकावा लागतो. पण एप्रिल २०२५च्या अखेरीस तासगाव तालुक्यातील एका बेदाणा उत्पादकाने तो विचारला, तेव्हा उत्तर द्यायला मला जवळजवळ संपूर्ण दुपार लागली. त्यांची मुलगी कझाकस्तानातील अल्माटीला वैद्यकीय शिक्षण घेत होती, सुट्टीवरून परतण्यासाठी दिल्लीहून तिचे थेट तिकीट काढलेले होते आणि नेमकी त्याच आठवड्यात, २४ एप्रिलला, पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. पाठोपाठ विमान कंपनीचा उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आला.

काकांनी माझ्या भिंतीवरील नकाशावर अंगठा दिल्लीवर ठेवला आणि करंगळी सरळ वर नेली. "साहेब, ह्यो रस्ता तर नीट उभा हाय की. मग पाकिस्तानात शिरायचंच कशाला?"

त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. दिल्ली आणि अल्माटी ही दोन्ही शहरे जवळपास ७७ अंश पूर्व रेखांशावरच आहेत आणि त्यांच्यातील हवाई अंतर साधारण १,६३० किलोमीटर, म्हणजे मिरजेहून दिल्लीपर्यंतच्या रेल्वेमार्गापेक्षाही कमी आहे. परंतु त्या उभ्या रेषेखाली हिमालय, काराकोरम आणि तिबेटचे पठार येते. उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला विमान लवकरात लवकर सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली आणावे लागते, कारण अनेक विमानांत प्रवाशांच्या मास्कमधील प्राणवायू साधारण पाव तासच पुरतो. आणि तिबेटमध्ये तर जमीनच सरासरी चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे. म्हणून एरवी विमाने पश्चिमेला झुकून पाकिस्तानवरून जात आणि तीन-साडेतीन तासांत पोहोचत. ते दार बंद झाल्यावर उरला तो अरबी समुद्र, इराण आणि तुर्कमेनिस्तानवरून घालायचा वळसा, आणि तो त्या कंपनीच्या विमानांच्या पल्ल्यात बसणारा नव्हता.

मी शारजामार्गे पर्याय काढला. मुंबई ते शारजा सुमारे १,९०० आणि तिथून अल्माटी सुमारे २,८०० किलोमीटर. दोन्ही उड्डाणांचे मिळून सात तासांहून अधिक, मधला थांबा वेगळाच. शारजाचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. अल्माटीही दिल्लीच्याच रेखांशावर असून अर्धा तास मागे आहे, कारण १ मार्च २०२४पासून सगळ्या कझाकस्तानने एकच वेळ स्वीकारली आहे. त्यामुळे तिकिटावरील वेळांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचे तास निघत नाहीत, हे मी काकांना कागदावर मांडून दाखवले.

त्यांच्या पुतण्याने मोबाईलवर दोन सुटी तिकिटे स्वस्त शोधली होती. ती मी घेऊ दिली नाहीत. तिकिटे वेगवेगळी असली की बहुधा सामान शारजात उतरवून पुन्हा जमा करावे लागते आणि त्यासाठी बाहेर पडायला अमिरातीचा व्हिसा हवा, जो मुलीकडे नव्हता. शिवाय पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसरी कंपनी थांबत नाही. एकाच आरक्षणात दोन्ही टप्पे घेतले आणि सामान मुंबईतच थेट अल्माटीपर्यंत नोंदवण्यास सांगितले. रद्द तिकिटाचे पैसे काही दिवसांनी परत मिळाले. भाड्यातील फरक मात्र काकांनाच भरावा लागला.