शेड्यूल एक्सची गोळी: दोन चिठ्ठ्या आणि एक शिक्का

मुलाला एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) मेथिलफेनिडेट सुरू झालं आणि पहिल्या चार मेडिकलमधून हात हलवत परत आलो. वाटलं, औषधाचा तुटवडा असेल. तसं नव्हतं. हे औषध औषध नियम, १९४५ च्या शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं आणि ते विकायला दुकानाकडे नमुना २०-एफचा वेगळा परवाना लागतो. शिवाय साठा कुलपात, फक्त त्यासाठीच राखलेल्या कपाटात ठेवावा लागतो. महिन्याला दोन गिऱ्हाइकांसाठी गल्लीतला मेडिकलवाला हा व्याप कशाला करेल? म्हणून आता मोठ्या रुग्णालयांजवळच्या दुकानांना आधी फोन करतो. २०-एफ आहे का आणि १० मिलिग्रॅमच्या ६० गोळ्या आज आहेत का, एवढंच विचारतो.

खरी अडचण चिठ्ठीची. ती दोन प्रतींत लागते. एक दुकानदार २ वर्षं जपून ठेवतो, दुसरी आपल्याला परत मिळते. मी एकीची झेरॉक्स नेली होती, ती चालली नाही. तेव्हापासून दोन्हींवर डॉक्टरांची सही आणि तारीख पेनानेच करून घेतो. त्याखेरीज रुग्णाचं नाव, पत्ता, डोस आणि एकूण संख्या हवी. ‘पूर्वीप्रमाणेच चालू’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी परत आली, कारण किती गोळ्या द्यायच्या हे त्यात कुठेच नव्हतं. ‘सकाळी १, दुपारी १, ३० दिवस, एकूण ६०’ असं लिहिलं की प्रश्न उरत नाही.

नाव कोणतं लिहिलंय हेही तिथेच बघावं. चिठ्ठीवर ब्रँड असेल आणि तो दुकानात नसेल, तर फार्मासिस्टला त्याच घटकाचा दुसरा ब्रँडही देता येत नाही. शेड्यूल एच (चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांची यादी) आणि एक्ससाठी नियमच तसा आहे. डॉक्टरांना मूळ औषधाचं नाव लिहायला सांगितल्यावर माझे हेलपाटे निम्म्यावर आले.

गोळ्या दिल्या की दुकानदार आम्हाला परत मिळणाऱ्या प्रतीवर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख टाकतो. तो शिक्का बसला की ती चिठ्ठी संपली. पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं असेल तरच ती परत चालते. आमचे डॉक्टर तसं लिहीत नाहीत. व्हिडिओ कॉलवर भागेल असं वाटलं होतं, पण २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी शेड्यूल एक्सची औषधं तशी लिहून द्यायला मनाई केली आहे. चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञाचीच हवी असं मात्र नियमात नाही, नोंदणीकृत डॉक्टर पुरेसा असतो. काही दुकानं तरी आग्रह धरतात, आणि काउंटरवर वाद घालून गोळ्या मिळत नाहीत.

आईच्या झोल्पिडेमचं यापेक्षा सोपं. ते शेड्यूल एच-१ या वेगळ्या यादीत असल्याने एकच चिठ्ठी लागते. दुकानदार डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहितो आणि ते ३ वर्षं ठेवतो. पॅरासिटामॉलला कोणी काही विचारत नाही. गंमत म्हणजे आपण सर्रास ‘ओटीसी’ (चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध) म्हणतो, पण तशी यादी आपल्या औषध कायद्यात नाही.

घरी निघण्याआधी पाकिटावर शेड्यूल एक्सची लाल ‘एक्सआरएक्स’ (XRx) खूण आहे ना ते बघतो आणि बॅच आणि मुदत बिलाशी ताडून पाहतो. पुढची वेळ २५ व्या दिवसाची घेतो. एखाद्या दुकानात साठा नसला तरी दुसरं शोधायला पाच दिवस हाताशी राहतात.