शिवराई सोडून रोमन नाणी कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीची आरती झाली, हातात शिऱ्याची वाटी आली की पाचेक मिनिटांत हा प्रश्न येतोच. "अगं, तू ती रोमन नाणी गोळा करतेस ना? पण रोमनच का? आपली काय कमी आहेत?" 'आपली' या शब्दावर जोर. पाठोपाठ दुसरा प्रश्न, जरा खालच्या आवाजात: "सगळी विकलीस तर किती येतील?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. सगळी मिळून एक बऱ्यापैकी फ्रिज येईल. पहिल्याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडते तोवर विचारणारा शिऱ्याची दुसरी वाटी घ्यायला गेलेला असतो. तेव्हा यंदा एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी व्यवहाराचं. भारतातून शंभर वर्षांहून जुनं नाणं बाहेर आणता येत नाही. 1972चा पुरावशेष कायदा आहे. म्हणजे सांगलीहून शिवराई पर्समध्ये टाकून मी इकडे इंग्लंडात, रेडिंगला यावं असं ज्यांना वाटतं, ते मला विमानतळावरच्या खोलीत बसवायला निघालेत. आणि "मग ही तरी एकदा इकडे दाखवायला आण," म्हणणाऱ्यांनाही तेच सांगते. माझी नाणी एकदा देशात शिरली की परत निघताना 'ही बाहेरूनच आणली होती' हे कुणाला पटवत बसू?

पण हे झालं सोयीचं उत्तर. कायदा नसता तरी मी शिवराईमागे लागले असते का, तर नाही. याचं खरं कारण सांगायला मला थोडी भीती वाटते.

मामाकडे एका डबीत दोन शिवरायी होत्या. लहानपणी दिवाळीत तो त्या बाहेर काढायचा. आम्ही पोरं हात धुऊन, रांगेत बसून बघायचो. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हातात घ्यायच्या, कपाळाला लावायच्या, परत द्यायच्या. नाणं म्हणून ती मी कधी पाहिलीच नाही. ठसा मधोमध बसलाय की सरकलाय, कडा झिजलीय की कापलीय, कुणाकुणाच्या कनवटीतून फिरून ती इथवर आली, असलं काही विचारायची छातीच झाली नाही. नमस्कार करायच्या वस्तूला कुणी भिंग लावत नाही.

चौथ्या शतकातल्या रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनचं माझं काही नातं नाही. तो थोर होता की दुष्ट, यावरून माझ्या घरात कधी भांडण झालं नाही. म्हणून त्याचं नाणं मला नुसतं बघता येतं. दहा वर्षांपूर्वी मी हे फार ऐटीत सांगायचे. आता सांगताना जरा चाचरते, पण त्याबद्दल पुढे.

बघता येतं म्हणजे काय, तेही सांगते. माझ्याकडची बहुतेक नाणी चौथ्या शतकातली, तांब्याच्या मिश्रधातूची. आपल्या जुन्या चार आण्यांच्या नाण्याहून लहान, दोन-अडीच ग्रॅमची. सोनं नाही, चांदी नाही, सम्राटाने कुणाला बक्षीस दिलेलं काही नाही. बाजारात खुर्दा म्हणून फिरलेली. यातलं एक 330च्या सुमाराचं. पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली, बाईच्या रूपातली रोम नगरी, भोवती 'उर्ब्स रोमा', म्हणजे रोम शहर, अशी अक्षरं. मागे लांडगीण उभी, पोटाशी रोमच्या दंतकथेतले जुळे भाऊ रोम्युलस आणि रीमस दूध पिताहेत, वर दोन तारे. सगळ्यात खाली, पायाशी, तीन अक्षरं: टी, आर, पी. म्हणजे ट्रिअरची टांकसाळ, पहिला विभाग. सतराशे वर्षांपूर्वी आजच्या जर्मनीतल्या एका शहरात कुणीतरी धातूची चकती ठशावर ठेवली, वर दुसरा ठसा धरला, हातोडा हाणला, आणि हात जरासा हलला. त्यामुळे एका बाजूची अक्षरं चकतीच्या बाहेर गेली. तो हललेला हात मला दिसतो. मी यासाठीच घेते हो नाणी. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

आणि सगळ्यात मोठी मजा होती ती न धुतलेल्या नाण्यांची. मातीचे खडे असावेत तशी ती यायची, अडीच पौंडाला एक. ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घालायची, म्हणजे गाडीच्या बॅटरीत घालतात ते पाणी. आठवड्याला पाणी बदलायचं. मग भिंगाखाली धरून लाकडी टूथपिकने कणाकणाने माती उचलायची. घाई केली की संपलं. एखाद्या रात्री अकरा वाजता अचानक एक नाक दिसतं. दुसऱ्या दिवशी कान. त्यानंतर दोन अक्षरं, आणि मी पुस्तक उघडून बसते की हा बाप की मुलांपैकी एक. (कॉन्स्टंटाईनने तीन मुलांची नावं कॉन्स्टंटाईन, कॉन्स्टँटियस आणि कॉन्स्टन्स ठेवली. झिजलेलं नाणं वाचणाऱ्याचा त्याने जराही विचार केलेला नाही.)

आता ते. ज्यांनी आईकडून ऐकलंय त्यांनी माझ्याकडूनही ऐका.

मे 2016. आई सांगलीहून आली होती. ओट्यावर, सिंकच्या शेजारी, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत बारा नाणी चार महिने भिजत होती. आई रोज बघायची. "ही कळकलेली पोरं कधी बाहेर येणार?" असं एकदोनदा म्हणाली. मी हसले. एका शनिवारी मी लेकीला पोहायला घेऊन गेले. परत आले तर जेवणाच्या टेबलावर पेपर पसरलेला आणि त्यावर बारा नाणी, चार-चारच्या तीन ओळींत. नव्या तांब्याच्या गडूसारखी लाल. बाजूला वाटीत चिंचेचा कोळ, मीठ आणि नारळाची शेंडी. शेंडी कुठून आणली म्हणाल तर शुक्रवारच्या नारळाची तिने जपून ठेवली होती.

"बघ," ती म्हणाली. "तुला चार महिने जमलं नाही. अर्ध्या तासात झालं."

आदल्या रात्री भिंगाखाली मला एका नाण्यावर लांडगिणीचं मागे वळलेलं डोकं आणि एक पोर दिसलं होतं. ट्रिअरचं मघाशी सांगितलं ते नव्हे, हे दुसरं. हिची टांकसाळ अजून वाचायची होती. मी ते नाणं उचललं. लांडगिणीच्या जागी एक उंचवटा होता, उकडलेल्या बटाट्यासारखा. पोर नव्हतं. तारे नव्हते. खालची अक्षरं नव्हती.

ज्यांना वाटतं की मळ गेला तर बिघडलं काय, त्यांच्यासाठी: तो मळ नसतो. इतकी वर्षं जमिनीत पडलेल्या तांब्याचा वरचा थर हळूहळू बदलून हिरवा-तपकिरी होतो, आणि चित्र त्या थरातच असतं. खालचा धातू आतून खाल्लेला असतो. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं. देवाची भांडी घासताना आपल्याला हवं असतं नेमकं तेच.

मी आईला काय म्हणाले ते इथे जसंच्या तसं लिहिते, कारण नंतर मी ते बऱ्याच जणांना सौम्य करून सांगितलंय. मी म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? अडाण्यासारखं."

माझी आई एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवायची.

ती काही बोलली नाही. वाटी उचलली, धुतली, पेपरची घडी केली. नाणी तशीच टेबलावर राहिली. लेक दारात ओला टॉवेल घेऊन उभी. तासाभराने जेवायला बसलो तेव्हा आईने चमचा मागितला. वरणभाताला. मी आयुष्यात तिला चमच्याने वरणभात खाताना पाहिलं नव्हतं. मग बघितलं तर उजव्या हाताची तीन बोटं सोललेली. नाण्यांच्या खरबरीत कडा, वर शेंडी, त्यावर मीठ आणि चिंच. ती आंबटतिखट वरणात घालवेनात तिला.

तेव्हा तरी मी माफी मागितली का? नाही. मी चमचा दिला.

बारा नाण्यांची किंमत तीस पौंड. त्याच रविवारी आम्ही बाहेर जेवलो त्याचं बिल याहून जास्त झालं, आणि ते मी भरताना आईने बिलाकडे बघितलेलंही मला आठवतं.

पुढचं एक वर्ष मी हा किस्सा संग्राहक मित्रांना सांगून त्यांच्याकडून हळहळ गोळा केली. "आपण मालक नसतो, आपण फक्त काही वर्षं सांभाळणारे," हे आमच्यातलं लाडकं वाक्य मी आईलाही फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "मग सांभाळायची वस्तू खरकट्या भांड्यांशेजारी का ठेवली होतीस?" याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही नाही. कपाट होतं. बरणीवर चिठ्ठी लावता आली असती, तीही मराठीत.

तिने आणखी एक विचारलं होतं: "नवीन होती तेव्हा चमकतच असतील ना?" मी फणकाऱ्याने नाही म्हटलं. ते चूक होतं. त्या काळातली बरीच तांब्याची नाणी टांकसाळीतून निघायची ती चांदीचा पातळ थर घेऊन. कल्हईच म्हणा. बाजारात आली तेव्हा ती पांढरी लखलखीत असणार, आणि कल्हई उडाल्यावर खालचं तांबं लाल. माझ्या लाडक्या हिरव्या रंगाचं नाणं कुणा रोमन माणसाने कधी खर्च केलेलं नाही. म्हणून आईने केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाहीये. लांडगीण गेली ती गेलीच. पण मी जे वाचवत होते ते नेमकं काय, हे मला वाटलं होतं तितकं स्पष्ट नाही.

आता तुमच्यातल्या एकाने, फक्त एकानेच, विचारलेला प्रश्न. "चोरीचा माल तर नाही ना?" बाकीच्यांच्या प्रश्नांनी मी वैतागते, याने मात्र झोप गेली होती. ती अडीच पौंडांची मातीची ढेकळं बहुतेक बाल्कनकडची. तिथे रात्री मेटल डिटेक्टर घेऊन शेतं उकरणारे आहेत, हे मला पहिल्यापासून ऐकून माहीत होतं. विकणाऱ्याला मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर नको होतं.

मातीतून नाणं उपटलं की काय जातं, हे मला 2010 साली इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ सापडलेल्या ठेव्याने शिकवलं. एका मडक्यात 52,503 नाणी. ज्याला ते सापडलं त्याने पुढे खणणं थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी थराथराने नाणी काढली, तर सगळ्यात उशिराची, ब्रिटनवर राज्य केलेल्या कॅरॉसियसची नाणी वरच्या तोंडाशी नव्हती, बरीच खाली होती. म्हणजे कुणी वर्षानुवर्षं भर घातलेली ती पुंजी नव्हती, सगळं एकदम ओतलेलं होतं. घाईघाईने घमेल्यात उपसलं असतं तर हे कुणालाच कळलं नसतं. माझ्या बरणीतल्या बाराही नाण्यांचं असं काहीतरी कळायचं होतं, आणि ते आईच्या चिंचेच्या कितीतरी आधी गेलेलं होतं. ते घालवणाऱ्यांना पैसे मी दिले होते.

2019 पासून मी न धुतलेली नाणी घेत नाही. जुन्या संग्रहातली, कुठून आली याची चिठ्ठी-चपाटी असलेली घेते. महाग पडतात, रात्री अकराला नाक सापडण्याची मजा गेली. जुनी मात्र परत केली नाहीत. कुणाला करणार, हे विचारायला सोपं आहे, आणि मी त्याच सोपेपणाआड बसलेय.

आणि ते 'माझं काही नातं नाही' म्हणणं? दोन वर्षांपूर्वी पहिल्या रोमन सम्राटाचा, ऑगस्टसचा एक दीनार घेतला, चांदीचा. मागच्या बाजूला त्याचे दोन नातू, गायस आणि लूसियस, ढाली धरून उभे. हा प्रकार दक्षिण भारतात फार सापडतो, कोइमतूरच्या बाजूला विशेष. मिरी, मोती, तलम कापड घ्यायला जहाजं येत, पैसे टाकून जात. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (तेव्हाचं रोमन चलन) ओढून नेतो म्हणून रोमन लेखक थोरल्या प्लिनीने कुरकुर करून ठेवलीय. भारतात सापडलेल्या कित्येक रोमन नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीची खूण असते. का मारली यावर विद्वानांचं एकमत नाही. माझ्या दीनारावर खूण नाही, तो भारतात कधी गेलेला नसणार. तरी पाकीट उघडताना मी आधी हात धुऊन आले. ओल्या हाताने टॉवेल शोधताना लक्षात आलं, आपण मामाच्या ओसरीवर रांगेत बसलोय.

मग पुन्हा तुमचाच प्रश्न: आपली का नाहीत? आपल्याकडेही कमी गंमत नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली, क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. हरलेल्या राजाचा चेहरा तसाच ठेवून त्याच्यावर. असं एखादं मला भिंगाखाली धरायला आवडेल. नमस्कार न करता धरता येईल का, ते माहीत नाही.

ती बारा नाणी आहेत अजून. ट्रेच्या शेवटच्या कप्प्यात, चिठ्ठीवर 'चिंच, मे 2016'. हवेने पुन्हा तपकिरी पडलीत. परवा फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "पडणारच. आल्यावर बघते."

दिवाळीनंतर येतेय. कप्प्याला कुलूप आहे, लावायचं की नाही ते ठरलेलं नाही.