एडनचा एक्सेल वर्ग

आज येमेनमधल्या एडन शहरातल्या बायकांचा ऑनलाइन एक्सेल वर्ग घेतला. अरबीत शीट उजवीकडून सुरू होते, 'ए' कॉलम उजव्या टोकाला. एका ताईंनी घरगुती मसाल्यांचा हिशेब मांडला होता. वेलची, जिरं, हळद, मिरी, आणि उधारीचा वेगळा कॉलम. बेरीज बरोबर आली तशी त्यांनी माइक चालू करून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. इतका आनंद झाला मला!

मधेच दोघी-तिघींची लाइट गेली. एडनला उन्हाळ्यात तासन्‌तास वीज नसते, ज्यांच्याकडे सोलरची बॅटरी आहे त्याच टिकतात. 2016 साली, युद्ध चालू असताना, येमेनची मध्यवर्ती बँक राजधानी सनाहून एडनला हलली, त्यानंतर लाखो सरकारी नोकरांचे पगार अडकले आणि कितीतरी घरांचा भार बायकांवर आला. हूथी या बंडखोर गटाच्या ताब्यातल्या भागात तर घरच्या पुरुषाशिवाय बाईला प्रवासही अवघड. घरबसल्या करता येणारं काम तिथे किती मोलाचं आहे! म्हणून नुसती प्रमाणपत्रं वाटून भागणार नाही, वीज, इंटरनेट आणि पैसे देणारं काम हवं.

पुढच्या वेळी फिल्टर शिकवायचंय, उधारी कुणाकडे थकली ते बघायला. अरबीतला सोपा सराव असेल कुणाकडे, तर पाठवा प्लीज.